वाचकांचे प्रश्न : गच्चीवरचा चित्रपट आणि प्रश्नमंजूषेतला वाद

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीने गेल्या वर्षी गच्चीवर पडदा लावून एक मराठी चित्रपट दाखवला आणि त्याच्या जोडीला प्रश्नमंजूषा घेतली. दर वीस मिनिटांनी चित्रपट थांबवून प्रश्न विचारल्यामुळे ज्येष्ठ मंडळी कंटाळून खाली निघून गेली, मुलांनी मोबाईलवर उत्तरे शोधली आणि ‘भारतातील पहिला चित्रपट कोणता?’ या प्रश्नावरून दोन संघांत एवढी जुंपली, की बक्षीस कोणालाच देता आले नाही. यंदा प्रभातचा ‘संत तुकाराम’ दाखवण्याचा विचार आहे. कार्यक्रम कसा आखावा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी वादाचा निकाल लावू, कारण चूक स्पर्धकांची नव्हती, प्रश्नाची होती. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ 18 मे 1912 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झळकला आणि त्याच ठिकाणी 3 मे 1913 रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. तारखा पाहिल्या तर मान तोरण्यांचा. परंतु ‘श्री पुंडलिक’ हे मुख्यतः रंगमंचावरील नाटकाचे चित्रीकरण होते, त्याचा छायाचित्रकार इंग्रज होता आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती, या कारणांनी पहिला भारतीय कथापट म्हणून सामान्यतः ‘राजा हरिश्चंद्र’चेच नाव घेतले जाते. तुमच्या दोन्ही संघांना आपापल्या परीने गुण मिळायला हवे होते. ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘सर्वाधिक गाजलेला’ अशा शब्दांचे प्रश्न प्रश्नकर्त्याने स्वतःच्या यादीतून निर्दयपणे काढून टाकावेत. त्याऐवजी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका कोणी केली, असे विचारावे. त्या काळी या कामासाठी स्त्री मिळेना, म्हणून फाळक्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती केले. पुढे 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. अशा उत्तरावर गच्चीत हशा पिकतो, भांडण होत नाही.

आता मोबाईलचे. फोन गोळा करण्याची शाळकरी शिस्त मला स्वतःला आवडत नाही आणि तिची गरजही नाही. पाठांतराचे प्रश्न कमी करून जे पडद्यावर दिसले आणि ऐकू आले त्याचेच प्रश्न विचारले, की फोनचा उपयोग आपोआप संपतो आणि सातवीतली मुलगी व सत्तरीतले आजोबा एका पातळीवर येतात. तुम्ही निवडलेला चित्रपट त्यासाठी उत्तम आहे. तुकारामांची चिडलेली पत्नी जिजाई विठ्ठलाला जाब विचारायला देवळात जाते तेव्हा तिच्या हातात काय असते, हा प्रश्न पाहणाऱ्याला सोपा आणि पेंगणाऱ्याला अवघड आहे. (उत्तर : वहाण.) माझा सर्वांत आवडता प्रश्न मात्र ‘आधी बीज एकले’ या रचनेचा आहे. तुकारामांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस ती इतक्या तन्मयतेने गातात, की ती तुकोबांच्या गाथेतली आहे असे अनेकांनी धरून टाकले. प्रत्यक्षात ती शांताराम आठवले यांनी 1936 च्या या चित्रपटासाठी लिहिली. ‘हा अभंग कोणाचा?’ असे साळसूदपणे विचारावे आणि भजनी मंडळातल्या काकूंचा चेहरा पाहावा.

चित्रपट मध्येच थांबवू नये, हे वेगळे सांगायला नको. लोक सुरुवातीला स्थिरस्थावर होत असतात, त्या वेळी पाच ओळखीचे प्रश्न घ्यावेत. बाकी सगळे चित्रपट संपल्यावर. ‘संत तुकाराम’ सुमारे सव्वादोन तासांचा आहे आणि ध्वनिक्षेपक रात्री 10 वाजता बंद करावा लागतो, तेव्हा पडदा 7 वाजता उजळलाच पाहिजे. चहा चित्रपटानंतर, उत्तरपत्रिका लिहीत असतानाच वाटावा. उत्तरे कागदावर लिहून घेतल्यास ओरडून सांगणाऱ्याची सरशी होत नाही. बरोबरी झाल्यास निर्णायक प्रश्न आकड्याचा ठेवावा, उदाहरणार्थ, एखाद्या प्रसंगात पडद्यावर किती माणसे होती. जो जवळ जाईल तो जिंकला.

प्रश्न : असा चित्रपट दाखवायला परवानगी लागते का?
— तेच वाचक

उत्तर : आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचे स्वामित्व प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकते, म्हणून 1936 च्या चित्रपटापुरती ती मुदत केव्हाच संपली आहे. गीतांची मुदत मात्र गीतकाराच्या निधनानंतर मोजली जाते, त्यामुळे ज्यांच्याकडून प्रत घ्याल त्यांना लेखी विचारून ठेवणे बरे. नवा चित्रपट दाखवायचा झाल्यास निर्मात्याची किंवा वितरकाची परवानगी हवीच. घरच्या ओटीटीची वर्गणी घरापुरती असते. ती गच्चीवरच्या ऐंशी खुर्च्यांना लागू होत नाही, मग तिकीट लावलेले नसले तरीही.