मॉडेल बदलण्याआधी बघा, तुम्ही गुण कशाला देताय

"चाचणीत एजंट जवळजवळ दर वेळी बरोबर टूल निवडतो, तरी ग्राहकांच्या तक्रारी येतातच. महागडं मॉडेल घेऊ का?" तुमचं हे वाक्य वाचलं आणि मला गेल्या वर्षीचा मार्च आठवला. आम्ही नेमके इथेच अडकलो होतो. मॉडेल बदलूनही पाहिलं. पैसे गेले, तक्रारी होत्या तिथेच राहिल्या.

एजंट म्हणजे ग्राहकाचा मेसेज वाचून आपणहून टूल वापरणारं एआय मॉडेल, आणि टूल म्हणजे बाहेरच्या सिस्टिममध्ये एखादं काम करून देणारी सोय. टूल कसं जोडायचं, स्कीमा (टूलला कोणती माहिती कशा रूपात द्यायची याचा आराखडा) कसा लिहायचा हे तुम्हाला येतं, त्यात शिरत नाही.

आमचं काम फर्निचरच्या डिलिव्हरीचं. एका व्हेंडरचा तयार एमसीपी सर्व्हर, म्हणजे एजंटला टूल पुरवणारा प्रोग्रॅम, घेतला होता. त्यात तारीख बदलण्याचं एक टूल. वर्णन एवढंच: 'डिलिव्हरीची तारीख बदलते.' पॅरामीटर, म्हणजे टूलला द्यायची माहिती: तारीख, प्रकार स्ट्रिंग, म्हणजे कसाही लिहिलेला मजकूर. आम्ही ४० प्रश्न तयार केले आणि एजंटने योग्य टूलला हाक मारली की एक गुण द्यायचा असं ठरवलं. खरी सिस्टिम बिघडू नये म्हणून टूलच्या जागी नकली उत्तर बसवलं होतं, ते कायम 'यशस्वी' म्हणायचं. ४० पैकी ३९ गुण पडले आणि आम्ही लाइव्ह गेलो. आमची सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

एका ग्राहकाने ४ मे सांगितला. एजंटने ०४/०५ पाठवलं. व्हेंडरची सिस्टिम अमेरिकी पद्धतीने महिना आधी वाचणारी, तिने ५ एप्रिल नोंदवला. टेम्पो कपाट घेऊन कुलूपबंद फ्लॅटसमोर उभा आणि घरच्यांना ताबाच मिळायचा होता मे महिन्यात. २० मे म्हटलं तर मात्र २०/०५ वर एरर यायची, एजंट स्वतःच आकडे उलटे करून पुन्हा पाठवायचा आणि काम व्हायचं. म्हणजे १३ तारखेपासून पुढचं सगळं ठीक, १ ते १२ मधलं गुपचूप चुकीचं. लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, दोन्हीकडे शेवटी हिरवंच. हे उमगायला ३ आठवडे गेले.

व्हेंडरला तीनदा लिहिलं की वर्णनात फॉरमॅट टाका. उत्तर आलं, "ते आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये दिलेलं आहे", आणि तिकीट बंद. अहो, पण एजंट ती पीडीएफ उघडतो का? त्याच्यासमोर टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची माहिती एवढंच असतं. तिथे जे नाही ते त्याच्या दृष्टीने नाहीच. माणसाला हे टूल दिलं असतं तर त्याने शेजारच्याला विचारलं असतं. एजंट अंदाज बांधतो. मला त्या तिकिटाचा अजून राग येतो.

शेवटी त्यांच्या टूलवर आमचं आवरण घातलं: एजंटला आमचं टूल दिसतं, ते आतून त्यांचंच चालवतं. वर्णनही आम्हीच लिहिलं. तारीख फक्त वर्ष-महिना-दिवस, उदाहरण २०२५-०५-०४. ऑर्डर रद्द करायची असेल तर हे टूल वापरू नका. तारीख मागे गेली असेल तर अमुक एरर येते. चारपाच वाक्यं. जुन्या मॉडेलवर परत गेलो, तरी तारखांच्या तक्रारी थांबल्या. क्लॉड हे मॉडेल बनवणाऱ्या ॲन्थ्रॉपिकनेही २०२४ च्या डिसेंबरमध्ये असाच अनुभव लिहिला होता: कोडिंग एजंट सापेक्ष पाथ (सध्याच्या फोल्डरपासून मोजलेला फाइलचा पत्ता) वापरताना चुकायचा, टूलला पूर्ण पाथ सक्तीचा केला आणि चुका थांबल्या.

आता माझं मत. आमची टीम लहान, टूल डझनभर. तुमच्याकडे शेकडो असतील तर गणित वेगळं असू शकतं. पण एखाद्या मॉडेललाच 'या वर्णनाला दहापैकी गुण दे' म्हणणं मला वेळ घालवणं वाटतं. लांबलचक, गुळगुळीत वर्णनाला चांगले गुण मिळतात, चुका तशाच राहतात. शेवटी डेटाबेसमध्ये काय नोंदलं गेलं यालाच गुण द्या. एजंटची परीक्षा घेणारा २०२४ मधला चाचणीसंच टाऊ-बेंच हेच करतो, शिवाय एकच काम अनेकदा करायला लावून दर वेळी जमतं का तेही बघतो. त्यात ओपनएआयचं जीपीटी-४ओ हे मॉडेल सुद्धा किरकोळ विक्रीच्या कामांत आठच्या आठ वेळा यशस्वी होण्याचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आत होतं. एकदा पास झालेल्या चाचणीवर म्हणूनच विसंबू नका.

प्रश्नही वर्णन समोर ठेवून लिहू नका, त्यातलेच शब्द उतरतात. ग्राहकांचे खरे मेसेज घ्या, नाव-पत्ते काढून. आपल्याकडे 'परवा' तर हमखास घ्या: तो येणारा परवा की गेलेला, हे वाक्यावरून ठरतं, आणि एजंटला आजची तारीख दिली नसेल तर तो काहीही धरतो. टूलची गरजच नसलेले चारदोन प्रश्नही घाला. रकमा असतील तर रुपये की पैसे ते वर्णनात लिहा, तिथेही हाच घोळ होतो.

तुम्ही आज एवढंच करा: १ ते १२ मधल्या पाच तारखा, १३ नंतरच्या पाच, आणि नोंद प्रत्यक्ष उघडून बघा. ५/५ सारखी जुळी तारीख मात्र घेऊ नका, ती दोन्ही बाजूंनी बरोबरच येते. काय निघालं ते कळवा, टूलचं वर्णनही पाठवा, मी बघते.