जर्मनीला नेटवर्किंगच्या कामासाठी यायचंय, कोणता कोर्स करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २६, नाशिकहून इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा डिप्लोमा, तीन वर्षं एका इंटरनेट कंपनीच्या एनओसीत (नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या कक्षात) शिफ्टची नोकरी. जर्मनीला यायचं ठरवताय, आणि एक खासगी संस्था सव्वा लाखात ‘फाइव्ह-जी व ऑप्टिकल नेटवर्किंग’चं सर्टिफिकेट देतेय. ते करावं का? मी फ्रँकफर्टमध्ये याच क्षेत्रात काम करते आणि नव्या लोकांच्या मुलाखतींनाही बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते सव्वा लाख देऊ नका. इथे अर्ज वाचणाऱ्याला त्या कागदाची ओळखच नसते. शिवाय फाइव्ह-जीत टॉवरवरच्या रेडिओचं काम मोजक्या उत्पादक कंपन्या आणि त्यांच्या ठेकेदारांकडे असतं. टॉवरच्या पायथ्यापासून पुढे बहुतेक सगळं फायबर (प्रकाशातून डेटा नेणारी काचेची तार) आणि राउटर (डेटाला वाट दाखवणारं यंत्र). अगदी घड्याळसुद्धा: टीडीडी पद्धतीच्या (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं आणि घेणं) फाइव्ह-जीत प्रत्येक टॉवरची वेळ ठरलेल्या प्रमाणवेळेच्या दीड मायक्रोसेकंदाच्या आत लागते. जिथे उपग्रहावरून वेळ घेता येत नाही, तिथे ती पीटीपी या अचूक वेळ पोचवणाऱ्या पद्धतीने नेटवर्कमधूनच पोचवावी लागते. माणसांची गरज आहे ती इथे.

म्हणून आधी फायबर, आणि तेही हाताने. तुमच्याच कंपनीच्या फील्ड टीमबरोबर सुट्टीच्या दिवशी जा. फायबर कट झाल्यावर जॉइंट मारताना शेजारी उभे राहा, मग फायबर जोडायचं मशीन स्वतः हातात घ्या. ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून कुठे किती प्रकाश कमी होतो ते दाखवणारं यंत्र; त्याचा ट्रेस (आलेख) वाचायला शिका. एकच लाइन १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर तपासा. लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, दोन्हीकडे साधारण सारखा दिसला तर जॉइंट खराब असण्याची शक्यता जास्त. १५५० वर एकदम वाढलेला दिसला तर केबल कुठेतरी मुडपलेली आहे. एवढी एक गोष्ट कळली की नेमकं कुठे खणायचं आणि कुठे फक्त जॉइंटचा डबा उघडायचा, हे तुम्हाला सांगता येतं.

आमच्याकडे मुलाखतीत उमेदवाराच्या हातात एक पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली फायबरची छोटी केबल) देतात आणि पोर्टला लावायला सांगतात. तो ती थेट खोचतो, की आधी टोक स्कोपखाली (सूक्ष्मदर्शकाखाली) धरून बघतो, पुसतो, पुन्हा बघतो, एवढंच पाहायचं असतं. लांब पल्ल्याच्या सिंगल-मोड फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्यावर धुळीचा कण बसला तर ४०० गिगाबिटची महागडी लिंकही चुका दाखवायला लागते. तिरक्या टोकाचा हिरवा एपीसी कनेक्टर सरळ टोकाच्या निळ्या यूपीसीत खोचणाऱ्याचं तर पुढचं बोलणं ऐकायचीही गरज उरत नाही.

रंगांचंही लक्षात ठेवा. तुम्ही निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी या क्रमाने फायबर मोजत असाल, तो अमेरिकन क्रम. जर्मन डीआयएन मानकाचा क्रम लाल, हिरवा, निळा, पिवळा असा सुरू होतो. म्हणजे तुमचा एक नंबरचा निळा इथे तिसरा. येण्याआधीच बारा रंग पाठ करा.

राउटिंगसाठी (डेटाची वाट ठरवण्याचं काम) मात्र क्लासची गरज नाही. सिस्को कंपनीची सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा द्या, कारण अर्जाच्या पहिल्या चाळणीत ते नाव सगळे ओळखतात. फक्त ते तीनच वर्षं वैध असतं, तेव्हा अर्ज करायच्या बेताला द्या. खरा अभ्यास बीजीपी, आयएस-आयएस, एमपीएलएस, सेगमेंट राउटिंग आणि ईव्हीपीएन यांचा, म्हणजे मोठी नेटवर्कं ज्या पद्धतींनी ट्रॅफिक नेतात त्यांचा. कंटेनरलॅब हे संगणकावरच सरावाचं नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात नोकियाचं एसआर लिनक्स हे राउटरचं सॉफ्टवेअरही फुकट चालतं. साध्या लॅपटॉपवर पाचसहा राउटरचं नेटवर्क उभं राहतं. ते उभं करा, एक लिंक तोडा, ट्रॅफिक कुठून वळतो ते पाहा, आणि प्रत्येक वेळी काय दिसलं ते लिहून ठेवा. इंटरनेट पत्ते वाटणाऱ्या संस्थांपैकी आशिया-पॅसिफिकच्या एपनिकच्या अकॅडमीचे ऑनलाइन कोर्स आणि युरोपच्या राइप एनसीसीचे ई-कोर्स दोन्ही मोफत आहेत. आरपीकेआयचा (इंटरनेटवर जाहीर केलेला मार्ग खरा आहे का ते तपासायची पद्धत) भाग तिथूनच शिका. फ्रँकफर्टला DE-CIX हे १९९५ पासूनचं, जगातल्या सर्वांत मोठ्या इंटरनेट एक्स्चेंजपैकी (जिथे वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांना जोडली जातात) एक आहे. इथल्या कुठल्याही ऑपरेटरच्या मुलाखतीत पिअरिंगचे, म्हणजे नेटवर्कांनी आपसात थेट ट्रॅफिक देण्याघेण्याचे, प्रश्न येणारच.

वाचलेले पैसे जर्मन भाषेवर घाला. बी-१ (मध्यम) पातळीपर्यंत तरी. डेटा सेंटरमध्ये इंग्रजी चालतं, पण फायबर ज्या रस्त्याखालून जातं तिथला मुकादम, नगरपालिकेची परवानगी, सुरक्षेच्या सूचना, सगळं जर्मनमध्ये. गावोगावी अजून तांब्याच्या तारा आहेत आणि २०३० पर्यंत देशभर फायबर पोचवायचं सरकारचं उद्दिष्ट आहे, त्यामुळे काम बाहेर, गावांमध्ये आहे.

आता व्हिसा. तुमचा डिप्लोमा इथे विद्यापीठाची पदवी धरला जात नाही. आयटीवाल्यांना पदवीशिवायही ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कामगारांचा राहण्या-कामाचा परवाना) मिळतं, त्यासाठी गेल्या ७ वर्षांत ३ वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगाराची नोकरी लागते. पण अनुभव पदवीच्या तोडीच्या कामाचा हवा. अलार्म बघून तिकीट (बिघाडाची नोंद) पुढे पाठवणं त्यात बसवणं अवघड जाईल. म्हणून आजच साहेबांकडे कॉन्फिगरेशनचं काम मागा आणि अनुभवपत्रात ते नेमक्या शब्दांत लिहून घ्या.

दुसरा रस्ता जून २०२४ पासूनच्या ऑपॉर्च्युनिटी कार्डचा, म्हणजे जर्मनीत येऊन नोकरी शोधायच्या परवान्याचा. डिप्लोमा दोन वर्षांहून मोठा आणि सरकारमान्य आहे, त्यामुळे जर्मन कार्यालयाकडून तशी नोंद मिळवून अर्ज करता येतो. ६ गुण लागतात: पस्तिशीच्या आत असल्याचे २, गेल्या पाच वर्षांत आपल्या विषयातला दोन वर्षांचा अनुभव असल्याचे २, जर्मन बी-१ चे २. तुमचे बरोबर सहा होतात, तेही भाषा आली तरच. या कार्डावर वर्षभर राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास काम करता येतं, मात्र वर्षाच्या खर्चाची रक्कम आधी खात्यात दाखवावी लागते. घरच्यांवर कर्ज चढवून या मार्गाने येऊ नका.

तिसरा रस्ता लोक कमीपणाचा समजतात, मला तो फार चांगला वाटतो: आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत शिकाऊ म्हणून घेतलेलं व्यवसाय प्रशिक्षण. तीन वर्षं, काही दिवस कंपनीत, काही दिवस शाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. आयटी-सिस्टिमएलेक्ट्रॉनिकर (आयटी उपकरणं बसवणारा तंत्रज्ञ) किंवा फाखइन्फॉर्माटिकर (आयटी तज्ज्ञ) हे दोन अभ्यासक्रम तुमच्या कामाचे. पगार सुरुवातीला महिना हजार युरोच्या आसपास, म्हणजे काटकसर करावी लागेल, पण शेवटी आयएचके या व्यापार-उद्योग मंडळाची परीक्षा पास झालात की तो कागद देशभर चालतो. अनुभव असूनही पुन्हा शिकाऊ व्हायची तयारी असेल तर हाच मार्ग सर्वांत पक्का.

यासाठी करार थेट कंपनीशी होतो. ‘जागा मिळवून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्या एजंटची गरज नाही, जागा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आणि सरकारी रोजगार संस्थेच्या पोर्टलवर उघड असतात. वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात आणि मोठ्या कंपन्या साधारण वर्षभर आधीपासून अर्ज घेतात, म्हणून भाषेच्या परीक्षेची तारीख त्या हिशेबाने आजच ठरवा.