गिटचा पुश कधी जातो, कधी अडतो

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात जॅकार्डची डिझाइनं आणि बिलिंगचा प्रोग्रॅम एकाच उबुंटू सर्व्हरवर, गिट या फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्रॅमच्या बेअर रिपॉझिटरीत (नुसता इतिहास ठेवणाऱ्या सामायिक साठ्यात) ठेवतो. माणसं तिघं, लॉगिन वेगवेगळी, पुश, म्हणजे आपले बदल सर्व्हरवर पाठवणं, एसएसएचनं (सुरक्षित रिमोट लॉगिननं). अधूनमधून 'अनेबल टू मायग्रेट ऑब्जेक्ट्स टू परमनंट स्टोरेज' (ऑब्जेक्ट कायमच्या जागी हलवता आले नाहीत) असं येऊन पुश अडतो. सगळ्याला ७७७, म्हणजे कुणालाही वाचायची-लिहायची परवानगी, दिलं, आठवडाभर बरं चाललं, पुन्हा तेच. काय करावं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुखणं त्या 'अधूनमधून'मध्येच सापडतं. गिट प्रत्येक ऑब्जेक्टच्या (साठवलेल्या प्रत्येक तुकड्याच्या) हॅशची, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळख-क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं घेऊन 'ऑब्जेक्ट्स'मध्ये त्या नावाचा फोल्डर करतं. असे २५६ होऊ शकतात. तुमचं ७७७ लागलं ते त्या दिवशी असलेल्या फोल्डरांना. नंतरचा प्रत्येक नवा फोल्डर ज्याच्या पुशमधून झाला त्याच्या मालकीचा, आणि उबुंटूवर प्रत्येकाचा मूळ ग्रुपही त्याच्याच नावाचा, म्हणून इतर दोघांना तिथं लिहिता येत नाही. तुमच्या फाइलचा हॅश अशा फोल्डरात पडला की पुश अडला, दुसरीकडे पडला की गेला. १०० किंवा त्याहून जास्त ऑब्जेक्टचा पुश मात्र सुटा न करता, एकाच गठ्ठ्यात 'पॅक' फोल्डरात जातो. तो फोल्डर जुना, ७७७चा. त्यामुळे मोठा पुश जातो आणि एका ओळीचा बदल अडकतो!

७७७ आधी काढा. 'हुक्स' (पुशच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टांचा) फोल्डर सगळ्यांना उघडा राहिला, तर सर्व्हरवरचं कुणीही तिथं स्क्रिप्ट टाकेल आणि ती पुश करणाऱ्याच्या अधिकारानं चालेल.

पुश थांबवून 'सीपी -ए'नं पूर्ण प्रत काढा. एक ग्रुप करा, समजा 'डिझाइन', आणि तिघांना 'युजरमॉड -एजी'नं त्यात घ्या. यातला छोटा 'ए' विसरलात तर त्या माणसाचे बाकीचे जोडग्रुप, सुडोसुद्धा (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा), निघून जातात. प्रत्येकानं लॉगआउट करून परत लॉगिन करायचं. 'आयडी' कमांडमध्ये नवा ग्रुप दिसेपर्यंत पुढं जाऊ नका.

मग सुडोनं 'चग्रुप -आर' करून सगळी रिपॉझिटरी त्या ग्रुपच्या नावावर करा. परवानग्या 'फाइंड'नं वेगवेगळ्या द्या : फोल्डरांना २७७०, फाइलींना ६६०, त्यानंतर 'ऑब्जेक्ट्स'मधल्या फाइलींना ४४० (शेवटचा शून्य म्हणजे बाहेरच्यांना काहीच नाही). त्या गिट स्वतःच रीड-ओन्ली ठेवतं, तिथं लिहिण्याची परवानगी देऊ नका. वापरातल्या हुकला ७५०. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी : आत जे नवीन होईल त्याला फोल्डरचाच ग्रुप लागतो.

पण यानं फक्त ग्रुप टिकतो, लिहिण्याची परवानगी नाही. ती पुन्हा युमास्कवर, म्हणजे नव्या फाइलीच्या परवानग्या कापणाऱ्या प्रत्येकाच्या सेटिंगवर, जाते. म्हणून रिपॉझिटरीत 'गिट कॉन्फिग कोअर.शेअर्डरिपॉझिटरी ०६६०' हवंच. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच राहून जातं. इथं 'ग्रुप' लिहिलं तरी पुश चालतील, पण बाहेरच्यांना वाचता येईल की नाही हे युमास्कवर राहील. डिझाइनं तुमची, तेव्हा ०६६०च बरं.

साठा शाबूत आहे ना हे तपासायला 'गिट एफएससीके' चालवून बघा, तिघांकडून एकेक छोटा पुश करून घ्या. नव्या फोल्डराच्या 'एलएस -एल'मध्ये ग्रुपच्या जागी 'आरडब्ल्यूएस' दिसलं पाहिजे.

यानंतर 'ड्युबियस ओनरशिप' (मालकी संशयास्पद) आलं तर ते प्रकरण वेगळं. एप्रिल २०२२च्या गिट २.३५.२पासून रिपॉझिटरीचा मालक तपासला जातो. चमॉडनं (परवानग्या बदलून) ते जात नाही. प्रत्येकानं सर्व्हरवरच्या आपापल्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये 'सेफ.डिरेक्टरी'ला रिपॉझिटरीचा पूर्ण पाथ द्यावा.