मुलीच्या अंगणातली रासबेरी रावेरला का मरते?

प्रश्न : ताई, माझी मुलगी अमेरिकेत अटलांटाजवळ राहते. तिथं उन्हाळा कडक, वरून दमट हवा, तरी तिच्या कुंपणाला लाल रासबेरी लगडते. मी रोपवाटिकेतून चार रोपं आणून केळीच्या बांधाला लावली. मे महिन्यात पानं करपली, पावसाळ्यात सगळी गेली. आता मुलगी तिच्याकडच्या काड्या बॅगेत घालून आणते म्हणते. आणू द्याव्या का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, आधी मुलीला आजच फोन करा, काड्या आणू नको म्हणा. परदेशातून लागवडीची काडी आणायला परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. वनस्पती विलगीकरणाचा २००३ चा आदेश त्यासाठीच आहे. सीएमव्ही या विषाणूपायी केळीचे बाग उपटून टाकताना तुम्ही पाहिलेत, तेव्हा नवा विषाणू घरात आणण्याची किंमत तुम्हाला ठाऊक आहे.

आता तिथं येते ती इथं का मरते? आपण उन्हाळ्याशी उन्हाळा जुळवतो आणि हिवाळा विसरतो. लाल रासबेरीच्या बहुतेक जातींना फळ धरायच्या आधी थंडीची झोप लागते, सात अंशांखालचे साधारण ८०० ते १६०० तास. अटलांटाकडे हिवाळ्यात पाणी गोठतं. आपल्याकडे जानेवारीत पारा एखाद्या पहाटे आठ-नऊवर येतो, पण दुपारी पुन्हा २८-३०. झाड झोपतच नाही. शिवाय तुमच्या मुलीकडची जात ‘डॉर्मन रेड’ आहे का, ते विचारा. दमट उष्ण हवेसाठी मिसिसिपीत काढलेली ती जात १९७२ पासून तिकडे लावतात.

‘हेरिटेज’ जात त्याच वर्षीच्या काडीवर फळते, थंडी कमी चालते, असं वाचून मीही अमळनेरला पाच रोपं लावली होती. उन्हाळ्यात पश्चिमेला शेडनेट बांधून ती जगवली. गेली ती ऑगस्टमध्ये. पानं हिरवी असतानाच शेंडे माना टाकू लागले, म्हणून एक रोप उपटलं. मुळं तांबूस-तपकिरी झालेली, बोटानं ओढलं तर साल ओल्या दोरीसारखी निघून हातात आली. मूळकूज. काळ्या मातीत पाणी तुंबलं की हेच होतं. शेजारच्या आजी वर्षभर सांगत होत्या, ‘झाडले पानी दे, पन चिखल नको करू.’ मी ऐकलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

तुम्ही म्हैसूर रासबेरी लावा. ही आपल्याच सह्याद्रीत आणि हिमालयात रानात येते, थंडीच्या झोपेवाचून फळते. दीड फूट उंच वाफा करा. त्यात मुरूम, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घाला. झाडाला किंचित आम्ल माती लागते आणि आपली काळी माती चुनखडीची. म्हणून नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर लोह मिळत नाही असं समजा. बोअरचं पाणी जड असेल तर साठवलेलं पावसाचं द्या. मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत ५० टक्क्यांचं शेडनेट हवंच. बुंध्याशी केळीच्या वाळल्या पानांचं आच्छादन करा, ते तुमच्याकडे फुकट आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. काडीवर पांढरी भुकटी दिसेल, बोटाला लागेल. भुरी रोग समजून गंधक मारू नका. तो त्या काडीचा स्वतःचा मेणासारखा थर आहे.

माझ्याकडच्या म्हैसूर रासबेरीला दुसऱ्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ आलं. लाल झालं की तोडू नका, तेव्हा ते आंबट लागतं. जांभळट काळं होऊ द्या. मग नुसता हात लावला तरी दांडा झाडावर राहतो आणि पोकळ फळ टोपीसारखं बोटावर बसतं. रोज वाटीभर, तेही दोन-तीन आठवडे. विक्रीचा विचार मनात आणू नका, फळ संध्याकाळपर्यंत मऊ पडतं. विकायलाच काही हवं असेल तर बांधाला फालसा लावा. आपलं ऊन त्याला मानवतं, हिवाळ्यात छाटला की एप्रिल-मेमध्ये फळतो.

फळून झालेल्या काड्या पावसाआधी जमिनीलगत कापा. नव्या काड्यांची टोकं जमिनीला टेकली की तिथंच मुळं धरतात, त्यामुळे वाढ आवरावी लागते. मी जुलैत दोन टोकं मातीत दाबून ठेवते. पोळ्याच्या सुमारास अमळनेरला आलात तर मुळं धरलेली ती रोपं घेऊन जा. येताना गोणपाट आणा, काटे फार वाईट आहेत.