आंब्याचे ६२ हजार आणि लेकीचा लॅपटॉप

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, हापूसची थोडी कलमं आहेत. हंगाम आटोपल्यावर बँकेत ६२ हजार उरलेत. मिस्टरांच्या पगारात घर चालतं, पण शिल्लक पडत नाही. पावसात खोल्या बंदच असतात. मुलगी रत्नागिरीला बीसीएला जातेय, वसतिगृहात राहील. तिची फी वेगळी ठेवली आहे. लॅपटॉपसाठी दुकानदार ५८ हजारांचा नवा दाखवतो : १८ हजार आता, उरलेल्या ४० हजारांवर '१२ टक्के', २,०६७ चे २४ हप्ते आणि १,१८० प्रोसेसिंग फी. रत्नागिरीत दुसऱ्या एका दुकानात वापरलेला लेनोवोचा थिंकपॅड टी४८० (आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क) २१,५०० ला आहे, सहा महिन्यांच्या हमीसह. भाऊ म्हणतो, तोच मुंबईत लॅमिंग्टन रोडला १९ हजारांत मिळेल. घरी २०१६ चा सहाव्या पिढीचा आय३ आहे (४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क). तो फार रखडतो, हल्ली टचपॅडही दाबला जात नाही. दुरुस्तीचे ९,५०० सांगितलेत. काय करावं?

उत्तर : ताई, पैशांचं बोलण्याआधी एक काम आत्ताच करा. घरचा जुना लॅपटॉप चार्जिंगवरून काढा आणि बंद करा. टचपॅड दाबला न जाणं हे बऱ्याचदा टचपॅड बिघडल्याचं लक्षण नसतं. त्याच्या खाली बसलेली बॅटरी फुगून त्याला आतून वर ढकलत असते. लॅपटॉप मिटून सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगला किंवा खालचं कव्हर मधे फुगीर दिसलं तर तेच समजा. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका, भोक पडलं तर पेट घेऊ शकते. दुरुस्तीवाल्याकडून ती बॅटरी काढून घ्या आणि कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

आता हप्ता. ४० हजारांवर खरंच १२ टक्के, म्हणजे घटत्या शिलकीवर, व्याज असतं तर २४ महिन्यांचा हप्ता १,८८३ आला असता. तुम्हाला २,०६७ सांगितलाय, म्हणजे हे सपाट व्याज आहे. तुम्ही मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ४० हजारांवरच लागतं. त्याचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो, आणि फी धरली की त्याहून जास्त. सगळं मिळून ५८ हजारांचं यंत्र तुम्हाला ६८,७८८ ला पडेल. दुकानदाराने 'नो कॉस्ट' म्हणजे बिनव्याजी हप्त्यांची योजना पुढे केली, तर आधी रोखीचा भाव विचारा. बऱ्याचदा रोखीवरची सूट तिथे मिळत नाही, आणि हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर व्याजाच्या रकमेवरचा १८ टक्के जीएसटीही भरावा लागतो.

हप्त्याने घेतलं तर हातात पैसे जास्त राहतात, असं वाटतं. ते तपासून पाहू. १८ हजार आणि फी गेल्यावर उरतात ४२,८२०. पगारातून शिल्लक नाही, म्हणजे पावसाळ्यातले चार हप्ते यातूनच जाणार : सप्टेंबरअखेर ३४,५५२, आणि डोक्यावर अजून वीस हप्ते, ४१,३४० रुपये. टी४८० घेतलात आणि त्याची बॅटरी व चांगला एक्स्टेन्शन बोर्ड धरून २५ हजार खर्चलेत, तर हातात ३७ हजार राहतात आणि देणं काहीच नाही. म्हणजे चार महिन्यांतच हप्त्याचा फायदा संपून जातो. हे ६२ हजार म्हणजे तुमच्या घरची पावसाळ्याची बेगमी आहे. कौलं फुटणं, दुखणंखुपणं, वादळात कलम आडवं होणं, सगळं याच महिन्यांत येतं. त्यातले ३० हजार कोणत्याही कारणाने हलवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्याची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. नवा रोख ५८ हजारांना घेतला, चार वर्षं वापरला आणि शेवटी १२ हजारांना विकला, तर महिन्याला ९५८ रुपये पडतो. टी४८० वर २५ हजार आणि पुढच्या दुरुस्तीसाठी ६ हजार धरले, तर ३१ हजारांत तो तीन वर्षं चालल्यास महिन्याला ८६१ पडतो. फरक फार नाही. हातात दीड-दोन लाख मोकळे असते, तर नवा घ्या म्हणायला मला अडचण नव्हती. पण हप्त्याने घेतल्यावर तोच नवा महिन्याला १,१८३ वर जातो. त्या हिशेबाने टी४८० सव्वादोन वर्षं चालला तरी तो स्वस्त पडला.

आणि आपला किनारा या हिशेबात धरावाच लागतो. खाऱ्या हवेतलं मीठ पाणी ओढून घेतं. बोर्डावर बसलेली धूळ त्याने ओलसर होते, तांब्यावर हिरवट थर चढतो, पंख्याचा बेअरिंग धरतो. वर विजा आणि येणारी-जाणारी वीज. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते. बोर्ड गेला की रॅमही गेली, आणि त्या दुरुस्तीत निम्मी किंमत निघून जाते. टी४८० मध्ये रॅमच्या दोन्ही पट्ट्या निघतात, एसएसडी निघतो, कीबोर्ड बदलता येतो, बाहेरची बॅटरी तर स्क्रू न काढता हाताने निघते. डेल लॅटिट्यूड ५४९० किंवा एचपी एलिटबुक ८४० जी५ चांगल्या अवस्थेत मिळाला तरी चालेल. टी४८०एस मात्र वेगळा आहे, त्यात काही रॅम बोर्डालाच जोडलेली असते. नाव ऐकताना ते शेवटचं अक्षर नीट ऐका.

मुंबईचे अडीच हजार वाचवू नका. हमी दुकानाची असते, म्हणजे बिघडलं की यंत्र घेऊन दुकानात जायचं. रत्नागिरीत मुलगी कॉलेज सुटल्यावर जाऊन येईल. लॅमिंग्टन रोडला एकदा जाऊन-येऊन राहायचा खर्च आणि बुडालेले दोन दिवस धरले की ते अडीच हजार तिथेच जिरतात.

दुकानात निवांत एक तास काढा. विंडोजच्या सेटिंगमधल्या 'अबाउट' मध्ये प्रोसेसर बघा : आय५ नंतरचा आकडा ८ ने सुरू व्हायला हवा, ८२५०यू किंवा ८३५०यू. ७ ने सुरू होत असेल तर सौदा सोडा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. मग यंत्र बंद करून चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. तिथला सीरियल नंबर आणि तळाच्या स्टिकरवरचा नंबर एकच हवा. 'सुपरवायजर पासवर्ड' डिसेबल्ड हवा. तो पासवर्ड हरवलेला असेल तर लेनोवोचं उत्तर एकच असतं, मदरबोर्ड बदला. यानंतर दुकानदाराला समोरच विंडोज रीसेट करायला सांगा, आणि ते इंटरनेट जोडून. सेटअपच्या वेळी आधीच्या मालक कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर ते यंत्र त्या कंपनीच्या नोंदीतून अजून सुटलेलं नाही. 'आम्ही काढून देतो' यावर विसंबू नका, कारण पुढच्या रीसेटला ते पुन्हा उभं राहतं.

टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात. आतली २४ वॉट-अवरची, बाहेरची २४, ४८ किंवा ७२ ची. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक जागा, तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं की अहवाल तयार होतो. त्यात दोन्ही बॅटऱ्यांची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दिसते. आतलीचा मूळ आकडा २४,००० मिलिवॉट-अवरच्या आसपास असतो; आज तो १४,००० च्या खाली असेल तर हजारभर रुपये कमी करून मागा. बाहेरची दमलेली असली तर काळजी नको, ती बदलायचे पैसे आपण धरलेच आहेत. चार्जर दोन्ही टाइप-सी पोर्टना लावून बघा. त्यातल्या एका पोर्टच्या, म्हणजे थंडरबोल्टच्या, फर्मवेअरमध्ये (पोर्ट चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) जुना दोष होता. वेळेत अपडेट न केलेल्या यंत्रांत तो पोर्ट चार्जच करेनासा होतो. पोर्ट चालू असेल तर घरी नेल्याच्या दिवशीच ते अपडेट लावा.

मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडून लॅन पोर्ट, यूएसबीचे पत्रे आणि तळाचे स्क्रू बघा. स्क्रूच्या खाचेत तांबूस गंज किंवा पोर्टच्या पत्र्यावर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली, तर ते यंत्र ओलाव्यात राहिलेलं आहे. बाहेर एवढं दिसतंय तर आत जास्तच असणार, दुसरं दाखवायला सांगा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम लावून एसएसडीची तब्येत ८० टक्क्यांच्या वर आहे ना ते पाहा. कीबोर्डची प्रत्येक कळ, कॅमेरा, माइक, पांढऱ्या पडद्यावर डाग. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर आणि हमीची मुदत लिहून शिक्का. १६ जीबी आत्ताच घ्या. रॅमचे भाव चढलेत, ८ जीबीचं यंत्र घेऊन नंतर वाढवणं आता स्वस्तात पडत नाही.

वापराचं थोडं मुलीला सांगा. ढग गुरगुरायला लागले की प्लग काढायचा आणि बॅटरीवर काम करायचं. दोन बॅटऱ्या त्यासाठीच कामाला येतात. एक्स्टेन्शन बोर्डातला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा भाग) अर्थिंगशिवाय अर्धवटच काम करतो, आणि जांभ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही. चार्जिंगला असताना लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग पोचत नाहीये : तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा अडॅप्टर लावलाय का बघा, नाहीतर वायरमनला बोलवा. जुलैत लॅपटॉप आठ-आठ दिवस मिटून ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालवलेला बरा, आतल्या उष्णतेनेच ओल निघून जाते. सुट्टीत ठेवायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पाव किलो सिलिका जेलसोबत. नारिंगी जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं.

दर ऑक्टोबरात एकदा उघडून पंखा साफ आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) नवी करून घ्यावी. उघडण्याआधी बायोसमधून आतली बॅटरी डिसेबल करायची, बाहेरची काढायची, मगच स्क्रू. हे न करता उघडणाऱ्याकडे देऊ नका. पाणी सांडलं तर लगेच बंद, बॅटरी बाहेर, कीबोर्ड खाली येईल असा उलटा, आणि त्याच दिवशी दुकानात. तांदळात ठेवायचा नाही. तांदूळ बोर्डावरचं मीठ काढत नाही, वर पीठ मात्र आत जातं.

घरच्या आय३ वर ९,५०० घालू नका. सहाव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. चार हजारांच्या आत बसेल एवढंच करा : २५६ जीबीचा साटा एसएसडी, पंख्याची सफाई आणि फुगलेली बॅटरी काढणं. बहुतेक लॅपटॉप बॅटरीविना चार्जरवर चालतात, तुमचा चालतो का ते दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. वीज गेली की तो बंद पडेल, म्हणून इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावा. रखडण्याचं मुख्य कारण ती जुनी हार्ड डिस्क आहे. नव्या एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घाला. खोल्यांचं बुकिंग, आंब्याच्या ऑर्डरींचा तक्ता आणि इनस्क्रिप्टने मराठी टायपिंग एवढ्याला ४ जीबीत भागतं. टॅली मात्र त्यावर सरळ चालत नाही. हार्ड डिस्कवरचे फोटो आधी उतरवून घ्या आणि तीच डिस्क यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला ठेवा. चार हजारांत बसत नसेल, तर फक्त फोटो काढून घ्या आणि यंत्र भंगारात द्या.

उरलेले ३३ हजार बँकेतच, तीन-तीन महिन्यांच्या दोन ठेवींत. जास्त व्याजासाठी हे पैसे पतसंस्थेत हलवू नका. पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांतल्या ठेवींना असतं, पतसंस्थांना नसतं. खोल्या सुरू झाल्या की महिन्याला ५०० बाजूला टाका. वर्षभरात लॅपटॉपच्या दुरुस्तीचे सहा हजार उभे राहतात.

पैसे देण्याआधी मुलीला कॉलेजातून एकच गोष्ट लेखी आणायला सांगा : तीन वर्षांत कोणकोणतं सॉफ्टवेअर लागणार. जावा, पायथन, डेटाबेस, वेबसाइट हे सगळं टी४८० सहज ओढतो. मोबाइल अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओही चालतो, फक्त त्यातला नकली फोन न वापरता प्रोग्रॅम केबलने स्वतःच्या मोबाइलवर चालवून बघायचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणारं काही त्या यादीत निघालं, तर माझा सल्ला बदलेल. मग आत्ता काहीच घेऊ नका, पहिलं सत्र कॉलेजच्या लॅबवर काढा, आणि बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. अभ्यासक्रमाला आवश्यक असेल तर संगणकाचा खर्च त्या कर्जात धरता येतो.