वाचकांचे प्रश्न: १६ कॅमेरे आहेत, तरी गाडीचा नंबर दिसत नाही

या वेळी पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यांबद्दल इतके प्रश्न आले की बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम काढलीत, कारण बऱ्याच जणांनी आपल्याच स्टाफबद्दल लिहिलंय.

प्रश्न: आमच्या पंपावर १६ कॅमेरे आहेत. मागे एकदा रात्री एक गाडी टाकी फुल करून पैसे न देता पळाली. फुटेजमध्ये गाडी दिसते, ड्रायव्हरची टोपीसुद्धा दिसते, पण नंबरप्लेटच्या जागी नुसता पांढरा ठिपका. सगळे कॅमेरे ४के करून टाकू का?

उत्तर: थांबा, सगळे नका बदलू. तो ठिपका कॅमेरा हलका आहे म्हणून येत नाही. नंबरप्लेट अशी बनवलेली असते की उजेड जिकडून आला तिकडेच परत फेकते, त्यामुळे कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे पेटले की सगळा उजेड सरळ लेन्समध्ये येतो, त्यात कॅमेरा आजूबाजूचा अंधार बघून एक्स्पोजर वाढवून बसलेला असतो, झालं, प्लेट पांढरीफटक. शिवाय गाडी पळतेय. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ३३ सेंटीमीटर पुढे सरकते, शटर तेवढा वेळ उघडं राहिलं तर आकडे एकमेकांत कालवले जाणारच. शटर १/१००० सेकंदच उघडं ठेवलं तर तीच गाडी जेमतेम ८ मिलिमीटर हलते.

म्हणून नंबरसाठी कॅमेरा वेगळाच लागतो. आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर, एका कॅमेऱ्याला एकच लेन, शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान, आणि प्लेटकडे बघायचा कोन ३० अंशांच्या आत. कॅनोपीच्या, म्हणजे मशीनवरच्या छताच्या, कडेवरून खाली डोकावणारा कॅमेरा हे काम करू शकत नाही. एक आधीच सांगून ठेवतो, रात्री या कॅमेऱ्याचं चित्र जवळपास काळं दिसेल आणि त्यात फक्त प्लेट चमकत असेल. मी बसवलेल्या अशा कॅमेऱ्यावर दुसऱ्याच दिवशी मालकांचा फोन येतो, "अहो, तो नवीन कॅमेरा बंद पडलाय."

४के चं म्हणाल तर हिशोब साधा आहे. आयईसी ६२६७६-४ या स्टँडर्डप्रमाणे अनोळखी माणूस नक्की ओळखायचा तर चित्रात मीटरला २५० पिक्सेल हवेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि कोणीतरी आहे एवढंच कळायला २५ पुरतात. ४के चित्राची रुंदी ३८४० पिक्सेल. त्यात ३० मीटर रुंदीचा अख्खा फोरकोर्ट (मशीनभोवतीचं आवार) कोंबला तर मीटरला १२८ आले, म्हणजे तुमचा सेल्समन ओळखू येईल, चोर नाही. उलट साधा १९२० पिक्सेलचा कॅमेरा साडेसात मीटर रुंदीच्या जागेवर नीट रोखला तर २५६ देतो! किती कॅमेरे आहेत ते सोडा, प्रत्येक कॅमेरा कुठल्या एका प्रश्नाचं उत्तर देतो ते कागदावर लिहून काढा. १६ पैकी पाच-सहा कॅमेऱ्यांपुढे काय लिहायचं तेच सुचणार नाही, मग बघा.

प्रश्न: गिऱ्हाईक म्हणतं मीटर शून्यावर नव्हता, पोरगा म्हणतो होता. फुटेज लावलं तर दोघांच्या पाठी दिसतात. काय करायचं?

उत्तर: मशीनवरचे आकडे वरच्या कॅमेऱ्यातून वाचायचा नाद सोडा. दिवसा त्या काचेवर आभाळ चमकतं, रात्री डिस्प्ले पांढराफटक दिसतो. कॅमेऱ्याने हात बघायचे: नोझल कधी उचललं, कुठल्या गाडीत घातलं, कधी परत टांगलं. आकडे मशीनकडून घ्यायचे. डिस्पेन्सर (पेट्रोल भरायचं मशीन) आणि बिलिंगचा डेटा रेकॉर्डरला जोडता येतो, मग प्रत्येक व्यवहार नोझल नंबर, लिटर आणि वेळेसकट त्या व्हिडिओला चिकटून राहतो, आणि बिल नंबर टाकला की ती क्लिप समोर.

पण त्याआधी घड्याळं बघा. एका पंपावर मी दोन तास एका पोराला चोर समजून फुटेज बघत होतो. बिल निघालंय आणि मशीनवर गाडीच नाही! शेवटी लक्षात आलं की रेकॉर्डरचं घड्याळ बिलिंगपेक्षा सात मिनिटं पुढे होतं. पोरगा मागे उभा राहून सगळं बघत होता, आणि तो काहीच बोलला नाही याचं मला जास्त वाईट वाटलं. रेकॉर्डर, कॅमेरे, बिलिंग सगळ्यांना एकाच एनटीपी सर्व्हरवरून (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारा सर्व्हर) वेळ द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि हो, कार्ड मशीनचा कीपॅड कुठल्याच कॅमेऱ्यात येता कामा नये. गिऱ्हाइकाचा पिन तुमच्या हार्ड डिस्कवर पडून राहिला तर उद्या ते लचांड तुमच्याच गळ्यात.

प्रश्न: टँकर खाली झाल्यावर दर वेळी माल थोडा कमी भरतो. अनलोडिंग पॉइंटच्या अगदी डोक्यावर कॅमेरा लावायचा विचार आहे.

उत्तर: अगदी डोक्यावर नकोच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते, आणि पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. फिल पॉइंट (टँकर खाली करायची जागा) आणि टाकीतली वाफ बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपच्या आसपासची जागा हॅझर्डस झोनमध्ये, म्हणजे भडक्याचा धोका असलेल्या भागात, येते, तिथे साधा कॅमेरा, साधा जंक्शन बॉक्स, काहीच चालत नाही, फ्लेमप्रूफ सर्टिफाइड माल लागतो आणि तो महागात जातो. तुमच्या साइटचा झोनचा नकाशा मागवा, झोनच्या बाहेर खांब घ्या आणि झूम लेन्सने बघा. सोपं पडतं.

आता बघायचं काय? टँकरचं सील तोडण्याआधी ते नीट दाखवलं का, अर्थिंगची क्लिप लावली का, डिप कोणी घेतली (म्हणजे काठी बुडवून पातळी कोणी मोजली), काठीवर पाणी दाखवणारी पेस्ट लावली का, होज कुठल्या टाकीला जोडला, आणि शेवटी प्रत्येक कप्पा रिकामा झाला हे कोणी वर चढून बघितलं का. बहुतेक गडबड शेवटच्या पायरीतच असते, कारण तोवर सगळे कंटाळलेले असतात, ड्रायव्हर इंजिन चालू करायच्या घाईत असतो आणि वर चढणारा म्हणतो, "झालं साहेब, खाली आहे."

तरी लगेच कोणावर बोट दाखवू नका. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं-आकसतं. २०,००० लिटरचा माल पाच अंशांनी थंड झाला तर १०० लिटर असेच जातात, कोणीही न चोरता. आधी तापमान आणि डेन्सिटी मांडा, मग फुटेज उघडा.

प्रश्न: शिफ्टच्या कॅशमध्ये तूट येते. मी दिवसभर मोबाइलवर लाइव्ह बघत बसतो. अजून काही सापडलं नाही.

उत्तर: सापडणारही नाही, २० मिनिटांनी कोणाचाही डोळा मरतो. उलटीकडून या. रद्द झालेली बिलं, विक्री नसताना उघडलेला गल्ला, माल गेला पण बिल नाही असे व्यवहार बिलिंगमधून काढा आणि फक्त त्याच वेळांचं फुटेज बघा, अर्ध्या तासात आठवडा उरकतो. कॅमेरे कुठे आहेत हे स्टाफला सांगून ठेवा, बोर्ड लावा. चेंजिंग रूम आणि टॉयलेटच्या आत कॅमेरा अजिबात नाही, हे वेगळं सांगायला लागू नये पण लागतं.

प्रश्न: रात्रभर मोबाइलवर अलर्ट येतात, उघडून बघावं तर पाखरं.

उत्तर: इन्फ्रारेड दिवे कॅमेऱ्यातच असले की त्या उजेडात लेन्ससमोरची पाखरं टेनिसच्या चेंडूएवढी दिसतात, मागोमाग कोळी येतो आणि जाळं विणतो. दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर लांब लावा, आतले बंद करा, आणि साध्या मोशनऐवजी माणूस किंवा गाडी ओळखणारं ॲनालिटिक्स फक्त टाक्यांच्या भागावर आणि फक्त बंद वेळेत चालू ठेवा. धूर आणि ज्वाळा ओळखणारं सॉफ्टवेअरही मिळतं, चांगलं आहे, पण इमर्जन्सी स्टॉपचं बटण ते नाही दाबत.

प्रश्न: ३० दिवसांचं रेकॉर्डिंग राहील म्हणून सांगितलं होतं, राहतं ११ दिवसांचं. आणि चोराने रेकॉर्डरच नेला तर?

उत्तर: एक कॅमेरा ४ एमबीपीएसवर (सेकंदाला ४ मेगाबिट डेटा) चालला तर दिवसाला ४३ जीबी खातो. १२ कॅमेरे धरले तर ३० दिवसांचे साडेपंधरा टीबी. तुमच्याकडे ६ टीबीची डिस्क असणार, बरोबर ११-१२ दिवस येतात. एच २६५ वर (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) गेलात तर तेवढ्याच चित्राला साधारण निम्मी जागा लागते. "हालचाल झाली तरच रेकॉर्ड" हा उपाय पंपावर दिवसा कुचकामी आहे, हालचाल थांबतेच कधी? रेकॉर्डर काउंटरखाली नको, आतल्या खोलीत कुलपात आणि यूपीएसवर हवा, आणि गल्ला, एन्ट्री, एक्झिट या तीन कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड टाका, म्हणजे डबा गेला तरी तेवढं उरतं.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. रेकॉर्डरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवला असेल तर आजच बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने असेच फॅक्टरी पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. बाहेरून बघायचं तर व्हीपीएन (इंटरनेटवरची सुरक्षित खासगी वाट) घ्या, राउटरवर थेट पोर्ट उघडू नका, आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क बिलिंगपासून वेगळं ठेवा. दोन्ही जोडायची असतील तर मध्ये फायरवॉल हवी, आणि जेवढा डेटा लागतो तेवढाच तिथून पास होऊ द्या.

प्रश्न: पोलिसांनी फुटेज मागितलं, मी स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढून दिला. ते म्हणाले चालणार नाही.

उत्तर: नाहीच चालणार, त्यात वेळ, मूळ दर्जा, काहीच उरत नाही. रेकॉर्डरवरून मूळ फाइल एक्सपोर्ट करा, सोबत त्याचा प्लेअर द्या, घटनेच्या आधीची आणि नंतरची १५ मिनिटंही घ्या. फाइलची हॅश (फाइलवरून निघणारा तिचा ठशासारखा कोड) काढून लिहून ठेवा, म्हणजे नंतर कोणी बदललं का ते कळतं. आणि घटना घडल्या दिवशीच ते फुटेज लॉक करा. ११ दिवस राहतात म्हणालात ना, ते प्रश्न विचारणारे दुसरे होते हे मला माहीत आहे, पण तुमच्याकडे किती दिवस राहतात ते बघितलंय का?