30 फुटी हॉलला कैची कुठली घ्यायची?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही कोथरूडला राहतो पण पौडच्या पुढे आमची थोडी जागा आहे, तिथे योगवर्ग आणि गावातल्या मुलांच्या अभ्यासासाठी 30 बाय 60 फुटांचा हॉल बांधतोय. छत पेलणाऱ्या त्रिकोणी लोखंडी कैचीसाठी (ट्रससाठी) फॅब्रिकेटर म्हणतो किंगपोस्ट प्रकार करू, धाकटे दीर म्हणतात प्रॅट प्रकारच घ्या. मला मंगलोरी कौलं हवीत आणि आतून उंच वाटायला हवं, तर कैचीचा खालचा आडवा दांडा काढून टाकला तर चालेल का?

उत्तर : ताई, आधी दांड्याचं बोलतो कारण तेच धोक्याचं आहे. तो काढू नका. रंगाऱ्यांचा घोडा बघितलाय ना, दोन पायांच्या मधे दोरी असते, ती सोडली की पाय फाकतात आणि वरचा माणूस खाली. तसंच इथे, दांडा नसेल तर छताचा भार दोन्ही भिंतींना बाहेर ढकलणार. सीझर ट्रस म्हणून प्रकार आहे, त्यात खालचे दांडे तिरके वर जातात, उंची मिळते पण लोखंड जास्त लागतं आणि थोडी बाहेरची ढकल राहतेच. खरं तर तुम्हाला त्याची गरजच नाही. मुळशीच्या पावसात कौलांना 30 अंशांचा उतार द्याच, म्हणजे 30 फुटांच्या हॉलला मधे साडेआठ फूट उंची आपोआप मिळते, फक्त फॉल्स सीलिंग टाकू नका.

आता प्रकार. किंगपोस्ट, म्हणजे मधोमध एकच उभा खांब असलेली कैची, 5 ते 8 मीटरपर्यंत छान, तुमचे 9 होतात. छत्रीची काडी दोन्ही टोकांनी दाबा, मधे लगेच वाकते, तीच ओढा, काही होत नाही. लोखंडाचं तसंच आहे, लांब बारीक अँगलवर दाब आला की तो वाकतो. फिंक कैचीत (आतले दांडे इंग्रजी W सारखे असतात ती) दाब घेणारे तुकडे आखूड आणि लांब असतात ते ओढ घेणारे, म्हणून तुमच्या मापाला आणि उताराला मी फिंकच सांगेन. दिरांचं प्रॅट चुकीचं नाही, त्यातही तिरके दांडे ओढ घेतात, पण ते मोठ्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) आणि कमी उताराला जास्त शोभतं. त्याच्या उलट होव प्रकारची कैची, तिथे तिरक्यांवर दाब आणि उभ्यांवर ओढ. विल्यम होव यांनी 1840 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, लाकडाचे तिरके आणि लोखंडी सळ्यांचे उभे. लाकडी कैच्या करणार असाल तरच तो विचार करा.

कौल की पत्रा हे मात्र आजच पक्कं करा. चौरस मीटरला पंधराएक कौलं, म्हणजे कोरडी असतानाच 40 किलोच्या आसपास, आणि पत्रा जेमतेम 4-5 किलो. अर्ध्यात मन बदललं तर सगळा हिशोब बदलतो, कारण हलक्या छताला वाऱ्याची उचल जास्त जाणवते, दाब-ओढ उलटी होते आणि एरवी ओढलेला खालचा दांडा दबायला लागतो, मग त्याला बाजूने धरून ठेवणारे आडवे टाय (जोडदांडे) लागतात. पुण्यासाठी आयएस 875 या बांधकामावरच्या भारांच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, ताशी 140 किलोमीटर! एकदा वळवानंतर एक शेड बघायला गेलो होतो, कैच्या, पर्लिन (कैच्यांवर आडवे टाकलेले, छप्पर पेलणारे दांडे), पत्रे सगळं एकसंध, पण शेजारच्या शेतात पडलेलं. बोल्टांचे आटे अगदी कोरे होते, त्यांना विटेची लाल भुकटी लागलेली, बोटभर खोल वीटकामात बसवलेले. म्हणून तुम्ही कैची विटेवर टेकवू नका, आरसीसी कॉलम किंवा बीममध्ये आधीच बोल्ट सोडून घ्या, एक बाजू उघडी ठेवणार असाल तर जास्तच, वारा आत शिरून छताला खालून ढकलतो.

60 फुटांत 12-12 फुटांवर 6 कैच्या पुरतील, मापं मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. आणि फॅब्रिकेटरला ड्रॉइंगवर दाखवायला सांगा की प्रत्येक पर्लिन सांध्यावरच बसतंय, दोन सांध्यांच्या मधे नाही. पंख्याचे हूक पण सांध्यालाच.